फोरमननी सर्व्हर बसवला

“संध्याकाळपर्यंत तुझ्या आईचा आवाज तुझ्या घरात पोचवला नाही, तर नावाचा फोरमन नाही!”

मुलीला फोनवर एवढं ठणकावून फोरमननी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं सुनेकडे पाहिलं. विजय अजून मिळायचा होता, पण मुद्रा तयार होती.

“बाबा, तो रविवारी बघणार म्हणालाय ना?” सून म्हणाली. तो म्हणजे तिचा नवरा, फोरमनचा मुलगा.

“कुठल्या रविवारी? त्याचे रविवार झोपाळ्यासारखे आहेत. पुढे येतात, मागे जातात, जागचे हलत नाहीत!”

“पण सर्व्हर म्हणजे...”

“सर्व्हर म्हणजे काय गं? एक यंत्र मध्ये बसवायचं आणि तिथून सगळ्यांकडे माल सोडायचा. पंपच की! आयुष्यभर पंप बसवले मी. त्यातून पाणी जायचं, ह्यातून आवाज जाईल. फरक काय?”

सुनेला फरक सांगायचा होता, पण तिची ऑफिसची मीटिंग सुरू होत होती. “मी आतल्या खोलीत आहे. आज माझी बोलायची पाळी आहे, दार वाजवू नका हं,” असं सांगून तिनं दार लावून घेतलं. ती मीटिंग तिनं त्या दिवशी बुडवली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

फोरमन पंपाच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी इमारतीतले सगळे त्यांना फोरमनच म्हणत. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटी शेवटी तिला लिहवत नव्हतं, म्हणून ती फोनमध्ये बोलून ठेवायची. कुठली किल्ली कुठल्या कुलुपाची, थंडीचे कपडे कुठल्या पेटीत, झाडांना पाणी किती घालायचं. मधेच खोकायची, मधेच स्वतःशीच हसायची. तिचा फोन बिघडायला लागला तेव्हा मुलानं ते सगळं हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर काढून ठेवलं आणि पडद्यावर ‘आई’ असं नाव दिसेल अशी सोय केली. मग फोन कायमचा बंद पडला. म्हणजे तिचा आवाज उरला तो त्या एका कॉम्प्युटरात.

फोरमननी तो एकदाही ऐकला नव्हता. धीरच झाला नाही. पडदा मात्र ते रोज पुसायचे. त्या नावाच्या जागी काच बाकीच्या पडद्यापेक्षा जरा जास्तच चकचकीत झाली होती.

परगावी राहणारी मुलगी तो आवाज मागत होती. मुलगा ‘रविवारी’ म्हणत होता. तेवढ्यात फोरमनच्या फोनवर एक व्हिडिओ आला. ‘सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बसवा, अगदी नवशिक्यांसाठी!’ त्यातला तरतरीत माणूस म्हणत होता, की घरातला कुठलाही जुना कॉम्प्युटर घ्या, त्याचा सर्व्हर करा, आणि मग तुमच्या माणसांना तुमचे फोटो, गाणी, आवाज, काय हवं ते घरबसल्या मिळेल. घाबरू नका!

फोरमन कशाला घाबरतात? कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून त्यांनी ती सिस्टीम एका पेन ड्राइव्हवर भरून आणली आणि बाह्या वर करून खुर्चीत बसले.

व्हिडिओतल्या माणसानं पहिलीच सूचना दिली. “जुन्या कॉम्प्युटरवर जे काही जपायचं असेल, ते आधी दुसरीकडे काढून घ्या.”

“ते काय सांगायला हवं?” फोरमन म्हणाले. त्यांनी दुसरा पेन ड्राइव्ह लावला. ‘आई’ असं लिहिलेल्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता. तो पाहून त्यांना फार बरं वाटलं. कारखान्यात प्रत्येक पाइपावर असाच बाण रंगवलेला असायचा, आतला माल कुठल्या बाजूला जाणार ते सांगायला. म्हणजे इथेही कुणीतरी जबाबदार माणसानं काम केलं होतं! त्यांनी ते चित्र उचललं आणि पेन ड्राइव्हवर टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं.

“प्रेशर चांगलं आहे,” फोरमन स्वतःशीच म्हणाले. पेन ड्राइव्ह त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि वरून दोनदा थोपटलं.

मग बसवाबसवी सुरू झाली. पडद्यानं विचारलं, पूर्ण डिस्क वापरू का? तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. फोरमननी खिसा चाचपला. माल बाहेर निघालेला होता. आणि अर्ध्या ताकदीवर चालणाऱ्या पंपाचा त्यांना आयुष्यभर राग. “पूर्ण वापर बाबा, लाजू नकोस!” म्हणून त्यांनी बटण दाबलं.

यंत्र बराच वेळ घरघरलं. मग बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि पडदा काळाकुट्ट. वरच्या कोपऱ्यात दोन ओळी आणि एक छोटी पांढरी रेघ, डोळा मारल्यासारखी लुकलुकतेय. चित्र नाही, खिडकी नाही, काही नाही. फोरमन वाट बघत बसले. रेघ लुकलुकत बसली. दोघंही कंटाळले.

आता सर्व्हरचा पडदा असाच असतो, हे फोरमनना कुठून ठाऊक असणार? व्हिडिओत ते सांगितलं होतं, पण तेवढा भाग फोरमननी ‘ही नुसती बडबड’ म्हणून पुढे ढकलला होता. त्यांना वाटलं, बसवण्यात काहीतरी कसर राहिली. मग काय, पहिल्यापासून पुन्हा! पूर्ण डिस्क वापरू का? वापर.

पुन्हा तोच काळोख. या वेळी मात्र त्यांनी नीट वाचलं. यंत्र नाव विचारत होतं. त्यांनी नाव लिहिलं. मग बसवताना ठरवलेला पासवर्ड विचारला. फोरमननी एक बटण दाबलं, पडद्यावर काही उमटेना. दुसरं दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. नाहीच!

“कीबोर्ड मेला,” फोरमननी निदान केलं आणि ते तडक तळमजल्यावर उतरले. तिथे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात वाकले होते.

“डॉक्टर, तुमचा कीबोर्ड नेतो हो, पाच मिनिटं!”

“अहो फोरमनसाहेब, मला आता एक्स-रे बघायचाय...”

“दात तोंडात आहे ना? मग एक्स-रे कशाला, प्रत्यक्ष बघा!”

पेशंटला हसायचं होतं, पण त्याला ती सोय नव्हती. फोरमन कीबोर्ड काखोटीला मारून वर आले. जोडला. नाव उमटलं, पासवर्ड उमटेना. आता दोन कीबोर्ड एकाच दिवशी मरतील का? नाही! म्हणजे दोष यंत्रात. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण डिस्क? वापर रे, किती वेळा विचारशील!

तिसऱ्या खेपेलाही पासवर्ड उमटला नाही, तेव्हा मात्र फोरमनचा संयम सुटला. “दिसू नको! दिसू नको जा!” म्हणत त्यांनी तो आंधळेपणानंच खडाखडा बडवला आणि एंटरवर थाप मारली.

यंत्र उघडलं! इंग्रजीत स्वागतच केलं त्यानं.

पासवर्ड लिहिताना दिसतच नाही, हे कळल्यावर फोरमनना थोडं ओशाळल्यासारखं झालं. पण आजूबाजूला कुणी नव्हतं, त्यामुळे ते ओशाळणं त्यांनी तिथेच मिटवलं. डॉक्टरांचा कीबोर्ड परत देऊन आले आणि व्हिडिओ पुढे सरकवला.

“आता तुमच्या सर्व्हरला एक कायमचा पत्ता द्या,” माणूस म्हणाला आणि पत्ता कुठे, कसा लिहायचा ते त्यानं दाखवलं. पत्ता म्हणजे टिंबं घातलेले आकडे. असे आकडे फोरमननी पाहिले होते! इमारतीतल्या सगळ्या घरांना मिळून एकच इंटरनेट होतं आणि त्याचा राऊटर जिन्यात, फोरमनच्याच दाराबाहेर टांगलेला होता. त्याच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर हुबेहूब तसे आकडे. कारखान्याचा नियम साधा होता. मुख्य लाइनीला जो पंप जोडाल, त्याच्यावर मुख्य लाइनीचाच नंबर घालायचा, म्हणजे पुढे घोटाळा नको. फोरमननी राऊटरपासून सर्व्हरपर्यंत वायर ओढली, राऊटरचे आकडे सर्व्हरला दिले, यंत्र पुन्हा चालू केलं आणि ऐटीत फोन उचलला.

“इथे नवशिके लोक हमखास एक चूक करतात,” व्हिडिओतला माणूस म्हणाला, “ती म्हणजे...”

आणि तो थांबला. तोंड उघडं, बोट वर, आणि नाकावर गोल गोल फिरणारं चक्र.

“फोरमनकाका!” वरच्या मजल्यावरून शिकवणीवाल्या बाईंचा आवाज आला. त्या घरी बसून पडद्यावर मुलांना गणित शिकवत. “नेट गेलं हो! माझी सगळी मुलं गोठलीत! एकाचा तर हात वर आहे, त्याला उत्तर येतंय की बाहेर जायचंय तेही कळायला मार्ग नाही!”

“माझा एक्स-रे निम्माच आलाय!” खालून डॉक्टर ओरडले. “वरचे दात दिसतायत, दुखतोय खालचा!”

आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. सून कपाळाला हात लावून उभी. “बाबा, नेट! माझी बोलायची पाळी आली आणि त्याच क्षणी गेलं! साहेबांना वाटलं असेल, मी पळाले!”

फोरमनच्या अंगात कारखाना संचारला. ते जिन्यात आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “कुणी घाबरू नका. त्या नेटवाल्याला मी बघतो!”

नेटवाला आला. भला माणूस, घाम पुसत पुसत आला. त्यानं राऊटर बंद करून चालू केला. नेट आलं, आलं, आणि गेलं. त्यानं वायर बदलली. तेच. त्यानं डोकं खाजवलं.

“डोकं काय खाजवतोस?” फोरमन कडाडले. “लाइन बघ! आमच्या कारखान्यात असतास तर पहिल्याच दिवशी घरी गेला असतास! इमारतभर लोकांची कामं अडलीत आणि हा डोकं खाजवतोय! अरे, माणसाला आपल्या कामाची लाज वाटली पाहिजे, लाज!”

“काका, गच्चीवरची वायर बघतो,” बिचारा म्हणाला आणि भर उन्हात जिने चढायला लागला.

“बघतो काय, बदल सगळी!” फोरमननी मागून सोडलं. मग बाईंकडे वळून म्हणाले, “ह्याच्या मालकाला कळवा तुम्ही. सरळ तक्रार करा. अशी माणसं कामावर ठेवतात म्हणजे काय?”

“करतेच!” म्हणून बाईंनी फोन काढला.

एवढं नेतृत्व करून फोरमन घरात आले. यंत्राला हात लावून पाहिला, तर गरम लागलं. तापलेलं यंत्र निववावं, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्यांनी बटण बंद केलं.

“आलं!” वरून बाई ओरडल्या. “आलं!” खालून डॉक्टर.

“बघा!” फोरमन दारातून म्हणाले. “ओरडल्याशिवाय लोक कामं करत नाहीत!” आणि आत जाऊन त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं.

“गेलं!” “गेलं!”

“अरे, आता काय केलंस?” फोरमननी जिन्यात येऊन गच्चीच्या दिशेनं आवाज चढवला. “आलं होतं ना? मग हात कशाला लावलास?”

“मी अजून हातच लावला नाही काका!” वरून उत्तर आलं. “नुसता उभाय!”

फोरमन आत गेले. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. त्यांनी हळूच बटण बंद केलं आणि कान जिन्याकडे लावला.

“आलं!”

चालू केलं.

“गेलं!”

पंपाचा दोष शोधायची रीत फोरमनना शिकवायची गरज नव्हती. बंद, “आलं!” चालू, “गेलं!” त्यांचे कान तापले. मग गाल तापले. यंत्र निववता येतं, माणसाचं तसं नसतं. राऊटर आणि सर्व्हर, दोघांना एकच पत्ता! इमारतभरची सगळी यंत्रं राऊटरचं दार समजून आपल्या हॉलमध्ये येऊन उभी राहत होती, आणि इथे त्यांना दार उघडणारं कुणी नव्हतं.

त्यांनी यंत्र बंद केलं. आता नुसतं गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. नेट आलं होतं, नेटवाल्यानं काहीतरी केलं असं सगळ्यांना वाटलं असतं. पण जिन्यात बाई फोनवर बोलत होत्या, “हो, तुमचा माणूस. अगदी बेजबाबदार. आमचे फोरमनकाका स्वतः म्हणाले...”

फोरमन बाहेर आले. “बाई, फोन ठेवा. त्याला खाली बोलवा. त्याची चूक नाही.”

“मग कुणाची?”

“पंपाची.”

“कुठल्या पंपाची?”

“माझ्या,” फोरमन म्हणाले.

मग काय, सगळे हॉलमध्ये जमले. बाई, डॉक्टर, सून आणि गच्चीवरून उतरलेला, उन्हानं लाल झालेला नेटवाला. फोरमन मधोमध, शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलासारखे. त्यांनी सगळं सांगितलं, कारखान्याच्या नियमासकट.

“म्हणजे काका,” बाई म्हणाल्या, “माझ्या दारावरची पाटी उद्या तुम्ही तुमच्याही दारावर लावलीत, तर माझी पत्रं कुठे जातील?”

“माझ्याकडे,” फोरमन मान खाली घालून म्हणाले.

“बरोबर! दहापैकी दहा!”

डॉक्टर हसले. फोरमन नेटवाल्यासमोर जाऊन उभे राहिले. “चुकलो रे. नको ते बोललो तुला.” नेटवाला म्हणाला, “जाऊ द्या काका, रोज कुणीतरी बोलतंच.” त्यानं फोरमनना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पण बाबा, एवढा उपद्व्याप आजच का?” सून म्हणाली. म्हणाली आणि पडद्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. “बाबा... आईंचं ते सगळं ह्याच कॉम्प्युटरवर होतं!”

“एवढा का मी खुळा आहे?” फोरमननी खिशाचं बटण उघडलं. त्या दिवसातली शिल्लक राहिलेली सगळी प्रतिष्ठा त्या खिशात होती. “आधी काढून घेतलं. हे बघ!”

सुनेनं पेन ड्राइव्ह तिच्या लॅपटॉपला लावला. ‘आई’ दिसली. कोपऱ्यात बाण. तिनं दाबलं. लॅपटॉप म्हणाला, अशी वस्तू सापडत नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग ती हळूच खाली बसली.

“बाबा, हे फोल्डर नव्हतं. फोल्डर आत होतं. ही नुसती तिकडे जायची पाटी होती. त्यानं तुम्हाला सोपं जावं म्हणून बाहेर लावलेली.”

“पण बाण...” फोरमन म्हणाले.

सुनेनं नवऱ्याला फोन लावला, त्याला सगळं सांगितलं आणि फोन फोरमनच्या हातात दिला. मुलानं पलीकडून सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, “बाबा, डिस्क पूर्ण वापर असं किती वेळा सांगितलंत?”

“तीनदा.”

“एकदा केलं असतंत, तर कदाचित काही निघालं असतं,” मुलगा म्हणाला. “बघू. दुकानात देऊन बघू. तुम्ही जेवलात का?”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. फोरमन स्टुलावर बसले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. हेच हात. मुलीला काय सांगायचं? तुझ्या आईचा आवाज मी पुसला. एकदा नव्हे, नीट पुसला गेलाय ना याची खात्री करत करत पुसला. खोलीत कुणी हलेना. डॉक्टरांना खाली वाट बघणारा पेशंट आठवत होता, तरी तेही उठेनात.

बाई मघापासून फोनमध्ये काहीतरी शोधत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “काका, रागावणार नसाल तर एक ऐकवू? काकूंचा निरोप आहे. जपून नव्हता ठेवला, पण मी पुसत नाही काही.”

आणि त्यांनी बटण दाबलं.

“बाई, मी दोन दिवस बहिणीकडे जातेय,” फोरमनची बायको खोलीत बोलली. “ह्यांच्यावर जरा लक्ष ठेवा. हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला, तर मला लगेच फोन करा. मी येते परत.”

फोरमन स्टुलावरून निम्मे उठले आणि पुन्हा बसले.

“थांबा, थांबा, माझ्याकडेही आहे!” डॉक्टर खिसे चाचपू लागले. त्यांच्या फोनमधून ती म्हणाली, “डॉक्टर, आज तुमच्या दवाखान्यात पाणी आलं नाही, तर टाकी बघायला नका जाऊ. ह्यांनी सकाळी नळ दुरुस्त केलाय.”

बाईंना हसू आवरेना. सून डोळे पुसत हसत होती. फोरमन मात्र हसत नव्हते. कान लाल, मान खाली, पण कान फोनच्याच दिशेला.

नेटवाल्यानं घसा खाकरला. “काका, माझ्याकडेही असेल एखादा. काकू नेहमी बोलूनच निरोप द्यायच्या.” त्यानं बराच शोधला. मग तो सापडला, आणि पहिल्यांदा त्यानं तो एकट्यानंच कानाला लावून ऐकला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अरे देवा,” तो म्हणाला. “हे विसरलोच होतो की मी!”

“लाव,” फोरमन म्हणाले.

“तुम्हाला आवडायचं नाही काका.”

“लाव म्हणतो ना!”

“नेटवाले दादा,” ती सावकाश, समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, “आमच्या इमारतीचं नेट कधी गेलं ना, तर उगाच उन्हात गच्चीवर चढू नका. आधी आमच्या घरी या. ह्यांनी कशाला तरी हात लावलेला असेल. आणि ते तुम्हालाच ओरडतील, मनावर घेऊ नका. ओरडून झालं की...” तिथे ती खोकली, मग फोन तोंडापासून लांब गेला असावा, कारण आवाज बारीक झाला. “अहो! काय करताय तिकडे? ठेवा ते खाली!”

निरोप संपला. खोलीत जो हशा पिकला, तो ऐकून खालचा पेशंट तोंडात कापूस घेऊन जिना चढून आला. फोरमननी लाजेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. त्या हातांमागून बऱ्याच वेळानं आवाज आला.

“पुन्हा लाव.”

त्या संध्याकाळी मुलीच्या घरी आईचा आवाज पोचला. ती रडत रडत हसली आणि कुणाकुणाकडे अजून काय काय असेल म्हणून तिनं ओळखीतल्या सगळ्यांना फोन लावायला सुरुवात केली. सर्व्हरला नवा पत्ता सुनेनं दिला, आलेले निरोपही तिनंच एकेक करून त्यावर चढवले. फोरमन शेजारच्या स्टुलावर बसून सगळं लक्षपूर्वक बघत होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून. सुनेची तशी अटच होती.